पंच्याऐंशी एमएम

सहा महिने मी नुसती वजनं वाचली.
कुठली किती ग्रॅम, कुठल्या काचेला जांभळी कड येते,
कुठली दीडशे-सहाशे माझ्या खांद्याला झेपणार नाही.
ऐरोलीच्या खाडीवर रोहित उतरतात तेव्हा
लोक तोफा घेऊन उभे असतात;
मी किटची अठरा-पंचावन्न लावून
चिखलातले गुलाबी ठिपके काढते
आणि घरी सांगते, हे पक्षी आहेत.

श्रीरंग एकच विचारतो, "केवढ्याला?"
मी निम्मी किंमत सांगते.
तो मनात तिची दुप्पट करून घेतो.
कॅमेरा राहतो तांदळाच्या जुन्या डब्यात,
चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या
सिलिका जेलच्या पुड्यांवर.
एकदा त्यानं तो डबा कुकर लावायला उघडला होता.

दिवसभर नौपाड्यातल्या लॅबमध्ये मी लोकांचे दात करते.
पांढऱ्याच्या सोळा छटा मला पाठ:
चहावाल्याचा पांढरा, तंबाखू सोडलेल्याचा,
नवरीला हवा असतो तो, जो कुणाच्याच तोंडात नसतो.
फोटोत मात्र अजून एकही पांढरा जमलेला नाही.
ट्यूबलाइटखाली माझी सगळी माणसं हिरवट.

शेवटी ठरलं ते तलावपाळीला.
शब्बीर तुंगेकर, मुंब्र्याचे. बावीस वर्षं लग्नं काढली,
आता सगळं नवीन घेतायत, आरसा नसलेलं.
जुनी पंच्याऐंशी त्यांनी पिशवीतून काढली
रुमालात गुंडाळून, डब्यातल्या पोळीसारखी.
मी मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं,
कीड बघतात तसं.
बुरशी नाही. धुळीचे तीन कण.
"ते फोटोत येत नाहीत," ते म्हणाले.
"हा ओरखडा कळव्याच्या हॉलमधला, नवऱ्याचा मामा नाचत होता.
रिंग थोडी जड आहे, घाई करू नका.
आणि समोरच्यापासून सात पावलं मागे जा.
तुमच्याकडच्या सप्तपद्या कितीतरी काढल्यात हिनं,
पण जवळ गेलात तर काही दाखवायची नाही."

नऊ हजार. त्यांनी मोजले नाहीत.
झाकण काढलं, तिच्यातून एकदा तळ्याकडे पाहिलं,
वल्हं मारायच्या होडीत भांडत बसलेलं एक जोडपं असावं,
कारण ते जरासे हसले,
मग झटकन माझ्या हातात दिली.
मी रस्ता ओलांडला तरी
ते तिथेच त्या रुमालाची घडी घालत होते.

कोपरखैरण्याचं आमचं घर सिडकोचं.
इथे पन्नासचीसुद्धा जास्त होते, पाठ फ्रीजला टेकते.
पंच्याऐंशीत श्रीरंगचं नुसतं नाक आलं,
मग एक कान, आणि कानावरचा एक पांढरा केस,
सोळांपैकी कुठल्याच छटेत न बसणारा.

म्हणून दार सताड उघडलं.
खाडीकडच्या खिडकीतून सहाचं ऊन आत येतं
तिथे त्याला बसवला, पुढ्यात भेंडी, हातात सुरी.
उंबऱ्याबाहेर एक. चपलांचा स्टँड चुकवून दोन.
तीन, चार, लिफ्टच्या दारावरून.
पाचव्याला तो अख्खा मावला,
बनियन, ताट, मांडीखाली घेतलेला पाय.
सहाव्याला थोडा अनोळखी झाला:
कुणाच्या तरी घरातला, वाकून भेंडी चिरणारा माणूस,
ज्याच्याबद्दल विचारावंसं वाटेल.

"झालं का?" वर न बघता.
"थांब, अजून एक."

पाठीला घाडीगावकरांची बेल लागली.
आत त्यांची ती प्लॅस्टिकची चिमणी ओरडायला लागली,
ओरडतच राहिली,
आणि त्यानं मान वर केली.